पुतळी मोडीत जाण्याआधी

सराफाच्या काट्यावर आत्याची पुतळ्यांची, म्हणजे नाण्यांसारख्या सोन्याच्या गोल चकत्यांची, माळ ठेवली, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने ती उलटसुलट करून पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "हॉलमार्क नाही ना हिच्यावर?" नव्हता. २३ पुतळ्या, काळवंडलेल्या रेशमी गोफात गाठवलेल्या, मागचा गोंडा झिजून नुसता दोरा उरलेला. तो म्हणाला, "मग मोडीतच घ्यावी लागेल. मशीनवर कस बघतो, तुमच्यासमोर वितळवतो, घट येईल ती सांगतो." त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आम्हीच तिघी, मी, ताई आणि आत्येबहीण, घरून ठरवून गेलो होतो. माळ मोडायची, तीन वाटे करायचे, पुढे ज्या त्या घराने आपलं पाहावं.

पावती होण्याआधी शेवटचं म्हणून मी माळ हातात घेतली. कडेपासून सहावी पुतळी बोटांना जरा वेगळी लागली. बाकीच्यांवर आकृत्यांभोवती नुसत्या उभ्या रेघा आणि ठिपके होते. हिच्यावर अक्षरं होती. झिजलेली, पण रोमन अक्षरं. डावीकडे एक उभा माणूस, उजवीकडे गुडघे टेकलेला दुसरा, दोघांच्या मध्ये एक उंच काठी. मी ताईला म्हटलं, "ताई, आज नको." आम्ही माळ घेऊन परत आलो.

त्यानंतर चार महिने मी याच प्रश्नामागे होते. जुनं नाणं दागिन्यात बसलेलं असेल तर त्याचं काय करायचं? हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही. पुतळ्या, मोहरा, राणीछाप रुपये, गिन्न्या, शिवराया, काही ना काही आपल्याकडच्या बऱ्याच घरांत डब्याच्या तळाशी आहे, आणि दर लग्नसराईला त्यातलं थोडं मुशीत जातं. म्हणून हा लेख.

आमची सहावी पुतळी व्हेनिसची निघाली. इटलीतल्या त्या बंदरी राज्याने १२८४ साली सोन्याचं डुकाट पाडायला घेतलं आणि १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्य संपवेपर्यंत, पाचशे वर्षं, त्याचं वजन आणि कस जवळजवळ हललाच नाही. साडेतीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या जुन्या मापाने साडेतीन मासे धरा, आणि सोनं शंभर नंबरीच्या जवळ. चित्रही तेच. एका बाजूला व्हेनिसचा रक्षक संत मार्क आणि त्याच्याकडून गुडघे टेकून ध्वज घेणारा डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा येशू. डोज बदलला की नाव तेवढं बदलायचं. डोळे मिटून घ्यावं असं हे नाणं, म्हणून मिरी-मसाल्याच्या व्यापारातून ते अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागलं आणि घाट चढून वर आलं. वर माणसांच्या आकृती, म्हणून आपण त्याला पुतळी म्हटलं. शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची जी यादी कृष्णाजी अनंत सभासदाने दिली आहे, तीत होनांच्या जोडीला पुतळ्याही आहेत. खाली केरळकडे याच नाण्याला शाणार कासू म्हणत. काठी धरलेला डोज तिथल्या लोकांना माडावर चढणारा ताडीवाला वाटला. मला हे फार मोलाचं वाटतं. परक्या देशाचा राजा आणि संत आपल्या माणसांनी आपल्या डोळ्यांनी वाचले आणि गळ्यात घातले.

व्हेनिसची आवक आटली तरी पुतळीची हौस आटली नाही. आपल्या सोनारांनी स्वतः ठसे कोरले. अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून अक्षरांच्या जागी रेघा आल्या. आमच्या बाकीच्या २२ पुतळ्या अशा आहेत. नाणी जमवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी माळ पाहून लगेच हिशेब केला, "एक खरी, बावीस नकली." मला तो शब्द लागला. नकली नाणं कुणाला तरी फसवायला पाडतात. या २२ पुतळ्यांनी कुणालाच फसवलेलं नाही. त्या सोन्याच्या आहेत, दागिना म्हणूनच घडवलेल्या आहेत आणि दागिना म्हणूनच चार पिढ्या वापरलेल्या आहेत.

त्याच गृहस्थांनी दुसरा सल्ला दिला तो असा, की खऱ्या पुतळीची कडी काढा, डाख, म्हणजे कडी जोडणारा टाका, घासून घ्या आणि ती वेगळ्या डबीत ठेवा, कारण कडी हा नाण्याला लागलेला डाग आहे. संग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर यात तथ्य आहे. डाख लावताना नाण्याची कड भाजते, कडीखालचं अक्षर झाकलं जातं, आणि बाजारात असं नाणं कडी न लागलेल्या नाण्यापेक्षा कमी किमतीला जातं. पण मी भिंग लावून ती पुतळी पाहिली तेव्हा काय दिसलं ते सांगते. कडी येशूच्या डोक्यावर नाही, पायांखाली लावलेली आहे. म्हणजे माळ घातली की तो उलटा लटकणार. जी बाजू छातीला घासत राहिली ती गुळगुळीत झालीय, समोरची अजून वाचता येते. कडी लावणाऱ्या सोनाराला ते चित्र कशाचं हे माहीत नव्हतं, किंवा त्याला ते तसंच सुलट वाटलं. या गोष्टी कुठल्या दफ्तरात लिहिलेल्या नाहीत, फक्त त्या कडीने धरून ठेवल्या आहेत. कडी काढली तर उरेल एक झिजलेलं डुकाट. तशी डुकाटं जगात पुष्कळ आहेत. महाराष्ट्रातल्या एका सोनाराने उलटं टांगलेलं आणि इथल्या बायकांनी घालून घालून एका अंगाने झिजवलेलं हे एकच आहे.

नाण्याला भोक म्हणजे नासधूस, ही समजूत आपल्या भाषेलाही मान्य नाही. 'तावून सुलाखून' म्हणतो ना आपण, त्यातलं सुलाखणं म्हणजे नाणं खरं की खोटं हे पाहायला त्याला भोक पाडून आतला धातू तपासणं. तसं भोक पडलेलं नाणं परीक्षेतून गेलेलं असायचं. जुन्या नाण्यावरचं प्रत्येक छिद्र कुणीतरी का पाडलं याला कारण असतं, आणि ते कारणही इतिहासात मोडतं.

हा प्रश्न नवा नाही हे कळलं तेव्हा मला धीर आला. दुसऱ्या शतकातला रोमन कायदेपंडित पोम्पोनियस याचं एक वाक्य रोमन कायद्याच्या संग्रहात टिकलं आहे. रत्नांसारखी वापरली जाणारी जुनी सोन्याचांदीची नाणी मृत्युपत्रान्वये उपभोगासाठी देता येतात, असं तो म्हणतो. उपभोगाचा हक्क म्हणजे वापरा, पण मूळ वस्तू शाबूत ठेवून पुढच्याला द्या. पैशाला हे लागू करणं अवघड, कारण पैसा वापरायचा म्हणजे खर्चूनच टाकायचा. पोम्पोनियसच्या म्हणण्याचा अर्थ मी असा लावते, की नाणं दागिना झालं की ते पैसा राहत नाही, रत्नाच्या पंक्तीत जाऊन बसतं. त्याच काळात इकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला लोक रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला करून, त्यांना भोक किंवा कडी ठेवून गळ्यात घालत होते. सोनं परवडत नव्हतं त्यांनी माती घेतली, पण चित्र तेच ठेवलं. आमच्या २२ पुतळ्यांचं कूळ इतकं मागे जातं.

इंग्लंडचा कायदाही हा फरक ओळखतो. १९९६ च्या त्यांच्या कायद्याने जमिनीत सापडलेलं सुटं एकटं नाणं सहसा 'खजिना' ठरत नाही. पण तेच नाणं जुन्या काळी भोक पाडून किंवा कडी लावून दागिना केलेलं असेल, तर ते वस्तू म्हणून धरतात आणि त्याची वर्दी द्यावी लागते.

आता ताईची बाजू. ती म्हणाली, "अगं, सोनं कशासाठी करतात? अडल्यानडल्याला मोडण्यासाठीच ना?" हे मला खोडून काढता येत नाही, काढायचंही नाही. बायकांच्या अंगावरचं सोनं ही त्यांची हक्काची पुंजी. मुलाची फी, दवाखाना, पेरणी, कितीतरी घरं त्या दागिन्यांवर तरली आहेत. इतिहासासाठी माळ मोडू नकोस असं गरजेत असलेल्या बाईला सांगण्याचा अधिकार मला नाही आणि कुठल्या संग्रहालयालाही नाही. 'अहो, वस्तुसंग्रहालयाला देऊन टाका' हा सल्ला तर मला सगळ्यांत जास्त पुरुषांकडूनच मिळाला. दिलं तर चांगलंच, पण स्त्रीधन कुणाला द्यायचं ते त्या स्त्रीने ठरवायचं. शिवाय पुतळ्यांची प्रत्येक माळ घ्यायला कुठल्या संग्रहालयाकडे जागा आहे?

माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. मोडा किंवा ठेवा, पण आधी नोंद करा. माळ मुशीत गेली की सोनं उरतं, बाकी सगळं अर्ध्या मिनिटात जातं. त्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो, प्रत्येक नाण्याचं वजन, कडी कुठे आहे, माळ कुणाची, कुठल्या गावची, कुणाकडून कुणाकडे आली, एवढं कागदावर यायला हवं. आम्ही एका रविवारी जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरून हे केलं. २२ पुतळ्यांचे फोटो शेजारी शेजारी लावल्यावर लक्षात आलं की १४ एका ठशातल्या आहेत आणि ८ दुसऱ्या. आत्या नेहमी सांगायची, "सासूबाईंनी आठ वाढवल्या." आम्ही ते घरातलं बोलणं म्हणून ऐकत आलो होतो. ते सोन्यावर उमटलेलं होतं.

नोंदीने काय होतं हे नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीने दाखवलं आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात या शक घराण्यातल्या राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. त्याने शत्रूची चांदी वितळवून नवी नाणी पाडली असती तर त्याला कुणी अडवलं नसतं. पण जुन्या नाण्यावर नवा ठसा बसला, खालून नहपानाचा चेहरा डोकावत राहिला, आणि गौतमीपुत्राने नहपानाचं राज्य घेतलं याचा धातूतला पुरावा आपल्याला मिळाला. दोन्ही थर एकत्र राहिले म्हणून मिळाला. दागिन्यातलं नाणं असंच दोन थरांचं असतं.

मग हे काम कुणी करायचं? एकट्यादुकट्या हौशी माणसावर ते सोडता येणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या प्रत्येक नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक असावा लागतो. काल घडलेल्या अंगठीची नोंद ठेवणारी यंत्रणा आपण उभी केली, आणि ती योग्यच आहे. पण त्याच काउंटरवर मोडीत आलेल्या तीनशे-चारशे वर्षांच्या नाण्यासाठी एक ओळही कुठे लिहिली जात नाही. वास्तविक तिथे सगळं तयार असतं. काटा असतो, कस पाहणारं यंत्र असतं, कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात असतो. सराफांच्या संघटनांनी एवढाच नियम करावा की मोडीत आलेल्या दागिन्यात नाणं दिसलं, तर वितळवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो आणि वजन घ्यायचं, आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं, "हे जुनं नाणं असू शकतं, आधी कुणाला दाखवा." खरं नाणं निघालं तर सोन्याच्या भावापेक्षा जास्त देणारा संग्राहक भेटू शकतो. गरजू बाईच्या हिताचंही हेच आहे.

आणि हे फोटो जायचे कुठे? इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून सामान्य माणसाला सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करून वस्तू त्याची त्याला परत देण्याची योजना चालू आहे. फोटो आणि माहिती सगळ्यांना पाहता येते. आपल्याकडे जाणकारांची वाण नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने यांना बरोबर घेऊन जिल्ह्याच्या गावी वर्षातून चार दिवस नोंदणीचं टेबल मांडलं, आणि येणाऱ्याला 'वस्तू तुमचीच राहील' असं लेखी दिलं, तरी दहा वर्षांत केवढा खजिना कागदावर येईल.

लेखी देणं महत्त्वाचं, कारण लोक घाबरतात. 'सरकार घेऊन जाईल' या भीतीने डबे बंद राहतात आणि शेवटी गुपचूप सोनाराकडे जातात. खरं काय ते कुणीतरी नीट सांगायला हवं. घरात वारशाने आलेलं जुनं नाणं बाळगणं हा गुन्हा नाही. जमिनीत सापडलेला खजिना वेगळा. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि ओळख लपवण्यासाठी त्याचं रूप बदललं तर शिक्षा आहे. तेव्हा शेतात निघालेल्या मोहरेला कडी लावून ती 'आजीची' करणं चुकीचंच. तिसरी गोष्ट आम्हाला स्वतःलाच माहीत नव्हती. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आत्येबहिणीची मुलगी कॅनडात असते. तिच्या लग्नात माळ तिला द्यायची असं आत्या म्हणत असे. आता ती इथे येईल तेव्हा इथेच घालेल. पोरगी रडली फोनवर. मलाही वाईट वाटलं, पण कायदा कशासाठी आहे ते दिसत असताना पळवाट शोधावीशी वाटली नाही.

एका गोष्टीत मात्र मी कुणाचीच बाजू समजून घ्यायला तयार नाही. शिवराईला आज नव्याने भोक पाडणं थांबलं पाहिजे. 'श्री राजा शिव' एका बाजूला आणि 'छत्रपति' दुसऱ्या बाजूला असलेलं तांब्याचं नाणं गळ्यात असावं असं तरुण मुलांना वाटतं, त्यातलं प्रेम मला कळतं. माझ्या पुतण्याने विकत आणलेली शिवराई आधी चिंचेने घासून लखलखीत केली, तेव्हा तीनशे वर्षांत तांब्यावर चढलेला काळसर थर, जो खालच्या अक्षरांचं रक्षण करत होता, सिंकमध्ये वाहून गेला. मग तो तिला ड्रिल मारायला निघाला होता. त्याने मला विचारलं, "जुन्या लोकांनी कडी लावली ती चालते, मग मी का नाही?" प्रश्न रास्त आहे. त्या जुन्या बायकांनी पुतळी गळ्यात घातली तेव्हा पुतळी हे बायकांच्या रोजच्या अंगावरचं लेणं होतं, नाणं आणि दागिना यांत फार अंतर नव्हतं, आणि ती घालायची रीत जिवंत होती. शिवराई आता पुन्हा पडणार नाही. जी आहे ती एवढीच, आणि त्यांतली प्रत्येक वेगळ्या ठशाची असू शकते. लिहिण्याची पद्धत, ठिपके, अक्षरांचं वळण यांवरून अभ्यासक तिचा काळ ठरवतात. भोक नेमकं वरच्या ओळीतल्या 'श्री'वर पडतं. मी त्याला सोनाराकडे घेऊन गेले. सोनाराने चांदीचं कोंदण केलं, नाण्याला ना डाख ना भोक, चार पाकळ्यांनी कड धरलेली, हवं तेव्हा नाणं बाहेर निघतं. साडेसातशे रुपये मजुरी झाली.

माळ आम्ही मोडली नाही. ताईला पैशांची गरज खरी होती, म्हणून तिच्या वाट्याची रक्कम मी आणि आत्येबहीण हप्त्याने देतो आहोत, अजून दीड वर्ष देऊ. पण माळेवरचा तिचा हक्क आम्ही काढून घेतला नाही. वहीत लिहून ठेवलंय, दोन-दोन वर्षं एकेकीकडे, घालायची, रिठ्याच्या पाण्याने धुवायची, बाकी काही करायचं नाही. वहीची एक प्रत आणि फोटो अभ्यासकांकडे दिले आहेत.

गेल्या आठवड्यात माळ नव्याने गाठवायला दिली. पटवेकरी वयस्कर आहेत, लाल रेशीम घेऊन बसले आणि पुतळ्या एकेक ओवताना सहाव्यापाशी थांबले. "ताई, ही उलटी लागलीय. सोनाराकडून कडी सुलट करून आणा, मग ओवतो."

"असू द्या," म्हटलं. "तशीच ओवा."